दर्यामहालाची हकीकत

सिद्धेश्वरप्पा कपिलधारच्या यात्रेहून परत आले ते आपल्या हरवलेल्या भावाला गाडीत घालूनच, आणि त्या दिवसापासून जगदेवीच्या मागं जी कटकट लागली ती लागलीच. मोठ्या दुष्काळात घाटनांदूर सोडून गेलेला धाकटा दीर अकरा वर्षांनी धबधब्याखाली अंघोळ करताना दिसला, म्हणून नवऱ्यानं त्याला उचलून आणला. पुढं निरोप धाडायचा नाही, बायकोला विचारायचं नाही. सोमलिंग गाडीतून उतरला तेव्हा त्याची बायको शिवकांता अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिनं वर पाहिलं, मग खाली पाहिलं, उरलेल्या मिरच्या नीट पसरल्या आणि ती स्वयंपाकघरात गेली. तीन दिवस झाले, ती त्याच्यासमोर आली नव्हती.

सासू गेल्यापासून घर जगदेवीच्याच हातात होतं. पुढं किराण्याचं दुकान, मागं सोपा, सोप्याला लागून स्वयंपाकघर. दुकानात नवरा, आत ती आणि शिवकांता, असं सगळं सुरळीत चाललं होतं. आता सोप्यावर दीर बसला होता आणि त्याला बघायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, बसतो थोडा वेळ. आणि बसायचा जेवेपर्यंत.

या सगळ्यांना खेचून घेत होती ती मुंबईच्या हॉटेलाची हकीकत. सोमलिंग तिथं नोकरीला होता. एका मजल्यावरच्या सगळ्या नोकरांचा तो मुकादम. दर्याच्या अगदी काठाला बांधलेलं ते हॉटेल. साहेब लोक त्याला काही वेगळ्याच नावानं ओळखत, पण बांधणारे मजूर दर्यामहाल म्हणायचे आणि सोमलिंगही तेच म्हणे. विलायतेचा बादशहा हिंदुस्थानात यायचा होता, सगळं हॉटेल भरणार होतं, म्हणून आठ दिवसांत त्याला परत जायचं होतं. आणि जाताना शिवकांताला न्यायचं होतं. हे त्यानं भावाला गाडीतच सांगून टाकलं होतं. भावानं जगदेवीला सांगितलं ते तिसऱ्या दिवशी, तेही तिच्याकडे पाठ करून, अंगरख्याचे बंद बांधताना.

शिवकांताच्या भावाला केजला बोलावणं गेलं. मन्मथप्पा आला तो हातात काठी घेऊनच. अकरा वर्षं हा माणूस सांगत आला होता की सोमलिंग दिसला की त्याच्या तंगड्या मोडीन. जगदेवीला वाटलं होतं, चला, कुणीतरी एक जण तरी नीट जाब विचारील. मन्मथप्पानं काठी खांबाला टेकवली, पाणी प्यायला, आणि सोमलिंगला विचारलं की तुमचं ते हॉटेल नेमकं केवढं असंल.

झालं. सोमलिंगनं मांडी सावरून पहिल्यापासून सुरुवात केली.

जिथं आज ते हॉटेल उभं आहे तिथं आधी नुसता चिखल होता. एका शेठजीनं आणि त्याच्या गोऱ्या भागीदारानं ठरवलं की बोटीतून येणाऱ्या माणसाला मुंबई दिसायच्या आधी आपली इमारत दिसली पाहिजे. लोकांनी वेड्यात काढलं. दिवसातून दोनदा भरती यायची आणि खणलेला पाया भरून जायचा. मग दर्याच्या बाजूनं लाकडाची आणि मातीची भिंत घातली, वाफेचे पंप लावले, आणि पंप दिवसरात्र पाणी उपसायचे. तशात सोमलिंग आणि त्याच्या बरोबर गावातून गेलेला धुळाजी, दोघांना तिथं काम लागलं. आमी दोघं चुना वाहायचो, सोमलिंग सांगत होता, आमी दोघं पंपाला कोळसा घालायचो, आमी दोघं पायाच्या खड्ड्यात उतरायचो. पुरुषभर उंचीपर्यंत काळा दगड, त्याच्यावर मालाडच्या खाणीतला पिवळा दगड. ब्रह्मदेशचं सागवान. मग घुमट चढला, मी त्याच्यावर चुना चढवला, तो म्हणाला. जहाजावरून सगळ्यात आधी दिसतो तो घुमटच. दोनशे खोल्या, आणि प्रत्येक खोलीला स्वतःची न्हाणी, तिथं तोटी फिरवली की तिसऱ्या मजल्यावर ऊन पाणी येतं.

जगदेवी दारात उभी राहून ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांसमोर घरची विहीर येत होती. तिसऱ्या मजल्यावर म्हणे ऊन पाणी. इथं ती आणि शिवकांता रोज साठ पायऱ्या उतरून पाणी आणत होत्या आणि ते सोप्यावरचे सगळे जण बसल्या बसल्या पीत होते.

मन्मथप्पानं लिफ्टबद्दल विचारलं. एवढं माणसांचं ओझं दोरानं वर कसं जातं, आणि दोर तुटला तर. सिद्धेश्वरप्पांनी तेलाशिवाय जळणाऱ्या दिव्यांबद्दल विचारलं. सोमलिंगनं दोघांचं समाधान केलं आणि उघडण्याच्या दिवसाची गोष्ट सांगितली. बँड लावला, दारापासून जिन्यापर्यंत नोकरांच्या दोन रांगा उभ्या केल्या, आणि पाहुणे आले नऊ. दोन वर्षं खोल्या ओस पडून होत्या. शेठजी ती इमारत पलटणीच्या दवाखान्याला देऊन टाकायला निघाले होते. तेवढ्यात कुठल्याशा संस्थानिकानं लेकीच्या लग्नासाठी अख्खा मजला दोन महिने घेतला, ते वैभव बघायला साहेब लोक आले, आणि तेव्हापासून आजपर्यंत एक खोली रिकामी राहिलेली नाही. हे सांगता सांगता त्यानं खांद्यावरचा पंचा घेतला, चार घड्या घातल्या, दोन कोपरे ओढले, आणि पंच्याचं कमळ करून ताटात ठेवलं. साहेबांच्या टेबलावर रोज अशी शंभर कमळं लागतात, म्हणाला. मन्मथप्पा ते कमळ हातात घेऊन सगळ्या बाजूंनी बघायला लागला.

जगदेवीनं त्याच्या हातातून पंचा घेतला, झटकून सरळ केला आणि सांडलेली आमटी पुसून घेतली.

तिच्या मनात दुसरीच सालं चालली होती. घुमट चढला ते साल म्हणजे सासू अंथरुणाला खिळली ते साल, आणि तिचं सगळं शिवकांतानं केलं. लिफ्ट बसली त्या साली घाटनांदुरात प्लेग होता, सगळं गाव माळावर खोपटं बांधून राहिलं होतं, आणि जगदेवीच्या तापानं फणफणलेल्या लेकीला पाठीशी बांधून शिवकांता दोन कोस वैद्याकडे चालत गेली होती. संस्थानिकाच्या लेकीचं लग्न झालं त्या साली मन्मथप्पा बहिणीचा दुसरा घरोबा करून द्यायला निघाला होता, आणि सिद्धेश्वरप्पांनीच मोडता घातला होता, माझा भाऊ मेला म्हणून कुणी सांगितलं, असं म्हणून. आता तेच दोघं मांडीला मांडी लावून बसले होते आणि बघता बघता त्यांचं एकमत झालं होतं. मन्मथप्पा म्हणत होता की पोरीचं नशीब उघडलं. सिद्धेश्वरप्पा म्हणत होते की शेवटी ज्याचं त्याला दिलेलं बरं. शिवकांताला विचारावं हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

जगदेवीला संताप येत होता, आणि त्या संतापात थोडा आपला स्वार्थही आहे हे तिला कळत होतं. शिवकांता गेली तर हे घर आपल्याच्यानं एकटीनं ओढायचं नाही. हे कळल्यानं तिचा राग कमी झाला नाही, उलट वाढला.

सोप्याच्या टोकाला धुळाजीची बायको भिवराबाई जोंधळे पाखडत बसली होती. ही शेतकरीण घरच्या दळण-निवडीला नेहमी यायची. अकरा वर्षं दर अमावस्येला ती एकच प्रश्न विचारायची, काही कळलं का. सोमलिंग आला त्या दिवशी ती वेशीपासून गाडीमागं पळत आली होती. तेव्हा त्यानं तिला सांगितलं की धुळाजी बोटीवर नोकरीला लागून आफ्रिकेला गेला, खुशाल आहे, येईल. भिवराबाईनं अख्ख्या गल्लीत गूळ वाटला. आज ती हातातलं सूप थांबवून हॉटेलाची हकीकत ऐकत होती. तिला त्या हकीकतीत नवऱ्याचं नाव ऐकायचं होतं. ते सुरुवातीला चार-पाचदा आलं आणि मग आलंच नाही.

सोमलिंग बादशहासाठी मागवलेल्या गालिच्यांपर्यंत आला होता, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारामागून शिवकांताचा आवाज आला.

"अक्का, त्यांना एक इचारा."

जगदेवी इतकी वैतागलेली होती की रीतभात सांभाळायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. ती म्हणाली, "तूच इचार. तुमच्या दोघांतले निरोप न्यायचं काम तेवढं ऱ्हायलंय माझ्यामागं."

मग शिवकांता दारात आली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला, पण मान खाली घातली नाही.

"पाया खणेपर्यंत तुमी 'आमी दोघं' म्हणता," ती म्हणाली. "घुमटापासून 'मी' म्हणता. मधी काय झालं?"

सोमलिंग हसायला गेला. धुळाजी दुसऱ्या कामावर गेला होता, असं काहीतरी तो म्हणाला. कोणत्या कामावर, शिवकांतानं विचारलं. बोटीवर. मग बोटीवर कोणत्या साली गेला. त्यानं साल सांगितलं. मग घुमटाच्या वेळी धुळाजी असायला हवा होता, ती म्हणाली, कारण घुमट त्याच्या आधीच्या साली चढला, तुमीच आत्ता सांगितलं.

जगदेवीनं दिराकडं पाहिलं. तीन दिवस हा माणूस कशालाच अडखळला नव्हता. दगड किती, खोल्या किती, पाहुणे किती, सगळं त्याच्या जिभेवर होतं. आता तो तोंड पुसायला पंचा मागत होता, आणि पंचा जगदेवीच्या हातात आमटीनं माखलेला होता.

"भिवराबाई," तो म्हणाला, "तुमी घरी जा. मी तिकडं येतो."

"इथंच सांग," भिवराबाई म्हणाली.

मग त्यानं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. पहिल्याच पावसाळ्यात, उधाणाच्या भरतीला, दर्याच्या बाजूची भिंत फुटली. पायाच्या खड्ड्यात चौदा माणसं होती. नऊ जण वर आले.

"मी शिडीवर व्हतो," सोमलिंग म्हणाला. "धुळाजी खाली व्हता. त्यानं हात वर केलता. मी चढलो." मग तो म्हणाला, "तिसऱ्या दिवशी पाणी उपसल्यावर गावला. अग्नी मीच दिला."

त्यानंतर भिंत पुन्हा घातली, त्याच जागी. पाया भरला. वर काळा दगड आला. तो तिथंच राहिला, कारण गावी यायचं तर हे सांगावं लागलं असतं. पत्र लिहायचं तरी हेच लिहावं लागलं असतं. कितीदा तरी तो कार्ड घेऊन बसला होता.

मन्मथप्पा घसा खाकरून म्हणाला की नशिबापुढं कुणाचं चालतं. सिद्धेश्वरप्पा म्हणाले की झालं ते झालं, आता उगाळून काय फायदा.

इतका वेळ जगदेवीनं तोंड आवरलं होतं. आता ते आवरेना. आवाज न चढवता तिनं नवऱ्याला सांगितलं की तुम्ही दोघांनी आता दुकानात जाऊन बसा, आणि कुणी काही मागायला आलं तर द्या, पण इथं एक शब्द बोलू नका. तीन दिवस दर्या, घुमट, तोट्या ऐकल्या. एका माणसाला जरा नीट विचारायला तुमच्यातल्या एकाला सुचलं नाही. सुचलं ते तुम्ही जिला विचारत नाही तिला. सिद्धेश्वरप्पा खरंच उठले. मन्मथप्पा उठला, आणि काठी तिथंच विसरला.

भिवराबाईनं सूप बाजूला ठेवलं होतं. ती रडत नव्हती.

"आफ्रिका कावून म्हनलास?" तिनं विचारलं.

"तुमी पळत आलात," सोमलिंग म्हणाला. "तुमच्या तोंडाकडं बघितलं आन् तेच निघालं."

भिवराबाई बराच वेळ हातातल्या बांगड्यांकडं बघत बसली. मग म्हणाली की मला ती जागा बघायचीय. सोमलिंगनं खाली बघत सांगितलं की ती जागा हॉटेलाच्या पुढच्या अंगाला येते. तिथं पाहुण्यांच्या खुर्च्या असतात. नोकरांनाही तिकडून जाता येत नाही, आणि आता तर बादशहा यायचा म्हणून मुळीच नाही.

"पुढच्या अंगानंच जायचं," शिवकांता म्हणाली.

सोमलिंगनं मान वर केली.

"मी येते मुंबईला," ती म्हणाली. "नांदायला न्हाई. भिवराबाईला घिऊन येते, आन् घिऊन परत जाते. तुमी लिवलं असतं तर ही अकरा वर्सं रांडपणात का व्हईना, खऱ्यात काढली असती तिनं. आन् मला बी कळलं असतं मी कोन हाय ते. दोघींला टांगून ठिवलं तुमी, एका कार्डापायी."

जगदेवीला मनापासून वाटलं की हा माणूस तीन दिवसांत पहिल्यांदाच खरा गप्प बसलाय.

गप्प बसला तो, पण पुढचं सगळं जगदेवीवरच आलं. दोन बाया परक्या मुलखात जाणार म्हटल्यावर गावानं तोंड सोडलं. सिद्धेश्वरप्पा आधी म्हणाले की असलं आपल्या घरात चालायचं नाही. जगदेवीनं विचारलं, मग काय चालतं ते सांगा. ते सांगता येईना, म्हणून शेवटी तेच सोबत निघाले. आठ दिवस पुरतील असे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, अंथरूण-पांघरूण, नवऱ्याचं पूजेचं साहित्य, सगळं बांधून द्यायचं, वर दुकान बघायचं. बार्शीपर्यंत गाडी, पुढं आगगाडी. निघताना नवरा तिला म्हणाला की जपून राहा. ती म्हणाली की जपायला आता घरात उरलंय कोण.

बाविसाव्या दिवशी तिघं परत आली. सोमलिंग नव्हता.

काय झालं ते जगदेवीनं नवऱ्याकडून काढून घेतलं, आणि त्यासाठी तिला दोन वेळा जेवायला वाढावं लागलं, कारण हे गृहस्थ आधी आगगाडीचंच सांगत बसले. सोमलिंगनं मॅनेजर साहेबाकडं पाव तासाची परवानगी मागितली होती. साहेबानं नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सोमलिंग नोकरीच्या पांढऱ्या कपड्यांत, डोक्याला पट्ट्याचं पागोटं, अशा थाटात मागच्या गल्लीत आला, दोघींना घेऊन वळसा घालून हॉटेलाच्या पुढं आला, आणि खुर्च्यांच्या रांगांमधून चालत दर्याच्या कोपऱ्यापर्यंत गेला. मडमा चहा पीत होत्या. त्यांनी पेले खाली ठेवले. कोपऱ्यात फुलझाडांचा वाफा होता. सोमलिंगनं पायातले बूट काढले आणि सांगितलं, इथं. पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. भिवराबाई तिसऱ्या पायरीवर बसली, बांगड्या दगडावर वाढवल्या, कुंकू पुसलं, आणि तीळपाणी सोडलं. शिवकांतानं तिला धरून ठेवलं होतं, कारण लाट लुगडं ओढत होती. दारावरचे शिपाई आले तेव्हा सोमलिंग त्यांच्या आडवा उभा राहिला. सगळं होईपर्यंत त्यानं त्यांना पुढं येऊ दिलं नाही. दुपारी त्याला नोकरीवरून काढलं.

"आन् तुमी कुठं व्हता?" जगदेवीनं विचारलं.

सिद्धेश्वरप्पा म्हणाले की मी लांब उभा होतो, सामानापाशी.

जगदेवीनं कपाळाला हात लावला. मग ती शिवकांताकडं गेली. नोकरी गेली तर तो आला का नाही, तू त्याला काय म्हणालीस, हे तिला ऐकायचं होतं. शिवकांता चुलीपुढं बसली होती, जणू बावीस दिवसांपूर्वी नाही, आदल्या रात्रीच इथून उठून गेली होती. ठेसनावर त्यांनी विचारलं, येऊ का, ती म्हणाली. मी सांगितलं, घर तुमच्या भावाचं हाय, मला इचारू नका. भिवराबाईला इचारा. मग त्यानं इचारलं का, जगदेवीनं विचारलं. इचारलं. ती काय म्हणाली? ते मला ऐकू आलं न्हाई, शिवकांता म्हणाली, गाडी सुटत व्हती.

जगदेवी तशीच उठून भिवराबाईच्या शेतावर गेली. या घरात एक गोष्ट सरळ कळायची सोय नव्हती. भिवराबाई उघड्या कपाळानं बांधावर बसून पाखरं राखत होती. जोंधळा हुरड्यात आला होता.

"म्या सांगितलं, माघात ये," भिवराबाई म्हणाली. "जोंधळा काढायला मानूस लागंल. अकरा वर्सं धुळाजीच्या वाटणीचं बी मीच काढते."

दुकानदाराचं पोर ते, त्यानं कधी हातात खुरपं धरलं नव्हतं. जगदेवीनं तसं म्हणून दाखवलं. भिवराबाई म्हणाली, शिकंल.

माघात तो आला. दुकानाच्या माळ्यावर झोपायचा आणि उजाडायच्या आत शेतावर जायचा. हॉटेलाचं कुणी विचारलं तर म्हणायचा, काम पडलंय. चौथ्या दिवशी जगदेवी आणि शिवकांता भाकरी घेऊन शेतावर गेल्या. इकडं जोंधळा मुळासकट उपटतात. भिवराबाई आपली पाथ, वाट्याची ओळ, धरून सरसर पुढं गेली होती. सोमलिंग मागं राहिला होता. त्याच्या तळहातांना चिंध्या बांधल्या होत्या, जोंधळ्याची ताटं अर्ध्यात मोडत होती, आणि मोडलेलं बुडखं काढायला तो पुन्हा पुन्हा खाली वाकत होता. भिवराबाई मागं न बघता त्याला शिव्या देत होती, आणि तो हो हो म्हणत होता.

शिवकांता बांधावर उभी राहून बराच वेळ बघत होती.

"लई वाईट उपटतात," ती म्हणाली.

जगदेवीनं विचारलं की मग आता तुझं काय ठरलं ते एकदा सांगून टाक, मला दर वेळी तिसऱ्याच माणसाकडून कळतं. शिवकांतानं भाकरीची पाटी जगदेवीच्या हातात दिली, पदर कमरेला खोचला आणि ती शेतात उतरली. सोमलिंगनं वर पाहिलं आणि तो सरकून तिला जागा करून द्यायला लागला. ती त्याच्या शेजारून पुढं गेली, भिवराबाईच्या पलीकडची पाथ धरली, आणि दोघी बरोबरीनं उपटत निघाल्या. सोमलिंग क्षणभर उभा राहिला. मग त्यानं हाताच्या चिंध्या दातांनी आवळल्या आणि तो त्यांच्या मागं वाकला.

जगदेवी पाटी डोक्यावर घेऊन तशीच उन्हात उभी होती.